वाचकांचे प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याची घरी घ्यावयाची काळजी

या अंकासाठी निवडलेली सर्व पत्रे शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या कुत्र्याविषयीची आहेत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. आपल्या पशुवैद्यांनी त्याहून वेगळे काही सांगितले असेल, तर त्यांचेच म्हणणे प्रमाण मानावे. शस्त्रक्रियेच्या वेळी आत काय आढळले, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते.

प्रश्न : आमच्या दोन वर्षांच्या कुत्रीची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया सकाळी झाली आणि संध्याकाळी आम्ही तिला घरी आणले. रात्रभर ती कण्हत होती, थरथरत होती, मध्येच उठून भिंतीकडे पाहत उभी राहत होती. तिने काही खाल्ले नाही आणि एकदा उलटीही केली. हे सारे वेदनेमुळे होते काय? तिला रात्रीच परत न्यायला हवे होते काय?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या बहुतेक गोष्टी भूल पूर्णपणे उतरलेली नसल्याच्या खुणा आहेत. भुलेच्या आणि अफूवर्गातील वेदनाशामक औषधांच्या अमलाखाली कुत्र्याला आपण कोठे आहोत याचे भान राहत नाही. ते कण्हते, उगाच उभे राहते, ओळखीच्या हाकेलाही नीट प्रतिसाद देत नाही. शरीराचे तापमान शस्त्रक्रियेच्या काळात उतरलेले असते, म्हणून थरथर सुटते. एखादी उलटी होणे, पहिल्या रात्री अन्नाकडे तोंड फिरवणे आणि श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे घसा खवखवून एक-दोन दिवस कोरडा खोकला येणे, हेही अपेक्षितच असते. अशा वेळी अंधूक उजेडाची, शांत आणि उबदार जागा द्यावी व अंथरूण जमिनीवरच घालावे, कारण तोल न सावरणारे कुत्रे पलंगावरून खाली पडू शकते. अंगावर पांघरूण घालणे पुरेसे असते. गरम पाण्याची पिशवी किंवा विजेची गादी मात्र टाळावी, कारण गुंगीतल्या कुत्र्याला चटका बसत असतानाही बाजूला सरकण्याचे सुचत नाही आणि भाजल्याची जखम दुसऱ्या दिवशी दिसते.

ती पूर्ण जागी होऊन मान धरू लागली, की आधी थोडे पाणी आणि ते टिकले तर नेहमीच्या जेवणाचा पाव ते अर्धा हिस्सा, तोही दोन-तीन वेळा विभागून द्यावा. अन्न किंचित कोमट केल्यास त्याचा वास खुलतो आणि भूक मंदावलेले कुत्रेही पुढे येते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खाण्याची थोडीफार इच्छा परत यायला हवी. एक पूर्ण दिवस उलटूनही अन्नाला तोंड लावले नाही, तर दूरध्वनी करावा. पिल्ले आणि मधुमेही कुत्री यांच्या बाबतीत एवढे थांबू नये. लघवी मात्र पहिल्या दिवसातच व्हायला हवी, आणि वारंवार बसूनही थेंब येत नसेल तर उशीर करू नये. शौचाला तीन-चार दिवस झाले नाही तरी घाबरण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेआधीचा उपवास, नंतरचे कमी खाणे आणि आतड्यांची हालचाल मंदावणारी वेदनाशामके, या तिन्हींचा तो परिणाम असतो.

रात्री परत नेण्याजोगी स्थिती कोणती, हा आपला खरा प्रश्न आहे. गर्भाशय काढल्यानंतरची मोठी भीती पोटातल्या पोटात रक्तस्राव होण्याची असते, आणि तो बाहेरून दिसत नाही. म्हणून हिरडी पाहण्याची सवय लावून घ्यावी. निरोगी हिरडी गुलाबी व ओलसर असते. बोटाने दाबल्यास ती पांढरी पडते आणि बोट उचलताच दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरड्या मुळातच काळ्या असतील, तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. हा रंग फिका किंवा पांढुरका दिसला, कुत्री हाक मारूनही उठेना, पोट फुगत चालले, किंवा गाढ झोपेतही श्वास मिनिटाला ३० हून अधिक वेळा चालू राहिला, तर सकाळची वाट पाहू नये. जखमेतून थेंब-थेंब ताजे रक्त सतत ठिबकणे आणि उलट्या वारंवार होणे, हीदेखील तत्काळ नेण्याची कारणे आहेत. आपल्या पत्रात यांपैकी काही आढळले नाही, त्यामुळे आपण घरीच थांबलात ते योग्यच झाले.

प्रश्न : गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन आमच्या कुत्र्याला मुळीच सहन होत नाही. तो भिंतींवर आदळतो, पाणी पिताना अडखळतो, केविलवाणे तोंड करून बसतो. आम्ही दिवसा कोन काढून ठेवतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवतो. शिवाय कुत्र्याच्या लाळेने जखम लवकर भरते, असेही ऐकले आहे.

उत्तर : लाळेविषयीची ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यामुळे बरेच टाके उसवले आहेत. लाळेत जंतूंची वाढ रोखणारे काही घटक असतात हे खरे. पण त्याच तोंडात असंख्य जंतूही असतात, आणि खरखरीत जिभेचे सततचे घर्षण नुकत्याच जुळू लागलेल्या कडांना पुन्हा विलग करते. पुढच्या दातांनी टाका ओढून काढायला कुत्र्याला काही क्षण पुरतात. ‘लक्ष ठेवणारा’ माणूस दाराची घंटा वाजली म्हणून उठतो, तेवढ्यात हे काम उरकलेले असते. म्हणून टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारणतः १० ते १४ दिवस, कोन रात्रंदिवस गळ्यात असावा. फार तर आपण समोर बसून भरवत असताना तो काढावा.

तरीही कुत्र्याची तक्रार खोटी नसते, आणि पुष्कळदा दोष कोनाच्या मापाचा असतो. कोनाची कड नाकाच्या टोकापुढे दोन-तीन सेंटिमीटर यावी. त्याहून आखूड असेल तर जीभ जखमेपर्यंत पोहोचते, आणि फार लांब असेल तर कुत्रे प्रत्येक दारात अडकते. गळ्याभोवतीच्या पट्ट्यात आपली दोन बोटे सहज जायला हवीत. भांडी थोड्या उंचीवर, कोनाच्या तोंडात बसतील अशा व्यासाची ठेवावीत. रोज एकदा कोन पुसून गळ्याची कातडी सोलवटली तर नाही ना, हे पाहावे. ये-जा करण्याच्या वाटेवरच्या खुर्च्या बाजूला सारल्या, तर अर्धी आदळआपट आपोआप थांबते.

हवा भरलेले गोल कडे किंवा अंगभर बसणारा कापडी अंगरखा हे पर्याय काहींना मानवतात. पण गोल कड्यामुळे पंजे, मागचे पाय आणि शेपटी सुरक्षित राहत नाहीत, आणि अंगरखा लघवीने ओला झाल्यास तो जखमेला चिकटून अपायच करतो. निवड जखमेच्या जागेनुसार करावी. घरात दुसरे कुत्रे असेल तर त्याच्यापासूनही जखम जपावी लागते, कारण आपल्या साथीदाराची जखम ते मोठ्या निष्ठेने चाटते.

प्रश्न : शस्त्रक्रियेला पाच दिवस झाले. आमचा शेरू आता पूर्ण बरा आहे. भरपूर खातो, शेपटी हलवतो, चेंडू तोंडात घेऊन मागे लागतो. डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली आहे. परंतु एवढ्या उत्साही प्राण्याला डांबून ठेवणे क्रूरपणाचे वाटते. थोडे पळू द्यावे काय?

उत्तर : नाही. आणि याचे कारण थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण घरच्या शुश्रूषेत सर्वाधिक बिघाड पहिल्या रात्री नव्हे, तर नेमका आपण लिहिता त्या सुमारास होतो.

जखम भरण्याच्या पहिल्या तीन ते पाच दिवसांत शरीर तेथील साफसफाई करत असते. कडा जुळलेल्या दिसल्या तरी त्यांना धरून ठेवण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी धाग्याकडे असते. त्यानंतर नवे तंतू तयार होऊ लागतात, पण त्यांची बळकटी सावकाश वाढते. तीन आठवड्यांनी त्वचेच्या जखमेला अंतिम बळाचा साधारण एक-पंचमांश भाग लाभलेला असतो, आणि पुढे महिने लोटले तरी ती मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. पोट उघडले असेल तर त्वचेखाली स्नायूंच्या आवरणालाही टाके असतात, आणि उडी मारताना येणारा ताण मुख्यतः त्यांच्यावर पडतो. याच काळात वेदनाशामकाचा परिणाम असतो, सूज उतरलेली असते आणि कुत्र्याला अगदी छान वाटत असते. त्याचा उत्साह खरा असतो, परंतु टाक्यांच्या स्थितीबद्दल तो काहीच सांगत नाही. पाचव्या दिवशी कुत्रे कसे दिसते यापेक्षा दिनदर्शिका आणि जखम काय सांगतात, यावर विश्वास ठेवावा.

विश्रांती म्हणजे एका खोलीत किंवा पिंजऱ्यात राहणे आणि आखूड साखळीवर पाच-दहा मिनिटांसाठी, केवळ शी-शूकरिता बाहेर जाणे. पिंजरा असेल तर त्यात कुत्र्याला ताठ उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता यावे. जिने, सोफा, मोटारीत उडी मारून चढणे, इतर कुत्र्यांशी मस्ती आणि दारावर येणाऱ्या माणसाचे दोन पायांवर उभे राहून होणारे स्वागत, हे सारे वर्ज्य आहे. शेवटच्या बाबतीत कुत्र्यापेक्षा घरच्या माणसांनाच वळण लावावे लागते. ‘अहो, उड्या मारत नाही, नुसता आनंदाने पुढचे पाय टेकवतो’ असे सांगणारे मालक त्यालाच उडी म्हणतात, हे मान्य करायला तयार नसतात.

डांबून ठेवण्याची आपली खंत समजण्यासारखी आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. पायांना विश्रांती हवी, मेंदूला नव्हे. ताटलीत अन्न वाढण्याऐवजी रोजच्या अन्नाचे दाणे गुंडाळलेल्या टॉवेलच्या घड्यांत लपवावेत, कागदी पुड्यांत बांधावेत किंवा हळूहळू दाणे सोडणाऱ्या खेळण्यात भरावेत. ओले अन्न खाचांच्या चटईवर पसरून गोठवले, तर ते चाटून संपवायला बराच वेळ लागतो, आणि सावकाश चाटत राहण्याने कुत्रे निवांतही होते. पडल्या-पडल्या शिकता येतील अशा गोष्टी शिकवाव्यात : आपल्या तळव्याला नाक लावणे, हनुवटी मांडीवर टेकवून स्थिर राहणे, दोन वस्तूंपैकी नाव घेतलेली वस्तू ओळखणे. दहा मिनिटे वास हुंगून शोध घेण्याने कुत्रे जेवढे दमते, तेवढे बराच वेळ चालूनही दमत नाही. एवढे करूनही शेरू भिंती ओरबाडत असेल, तर पशुवैद्यांकडे सौम्य शामक औषध मागण्यात कमीपणा मानू नये. शामक देऊन शांत ठेवलेले कुत्रे दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला न्यावे लागणाऱ्या कुत्र्यापेक्षा निश्चितच सुखी असते.

हालचाल कमी असल्याने अन्नही थोडे कमी करावे, आणि बक्षिसाचे दाणे रोजच्या मापातूनच काढावेत.

प्रश्न : डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या संपल्या. घरात माणसांसाठीची वेदनाशामक गोळी आहे. वजनाच्या हिशेबाने पाव गोळी दिली तर चालेल काय?

उत्तर : चालणार नाही. आयबुप्रोफेन आणि नेप्रोक्सेन यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला व रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याच्या क्षमतेला अपाय करते. अॅस्पिरिनमुळे रक्त गोठण्यात अडथळा येतो. कुत्र्यासाठी दिली जाणारी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम यांसारखी औषधेसुद्धा अन्नासोबत आणि ठरलेल्या मात्रेतच द्यावीत. एक मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. कुत्र्याला आधीपासून स्टिरॉइड चालू असेल, तर ते पशुवैद्यांना अवश्य सांगावे, कारण या दोन्ही गोष्टी एकत्र दिल्यास जठराला छिद्र पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. उलट्या, जुलाब किंवा डांबरासारखी काळी शौच दिसल्यास पुढची गोळी थांबवून लगेच संपर्क साधावा. गॅबापेंटिन लिहून दिलेले असेल, तर माणसांसाठीचे त्याचे पातळ औषध परस्पर आणू नये. त्याच्या काही प्रकारांत झायलिटॉल हा गोडवा असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे.

आपल्या कुत्र्याला अजून वेदना आहेत असे आपल्याला वाटते, ही गोष्ट मात्र पशुवैद्यांना कळवण्याजोगी आहे. कुत्रे ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असे नव्हे. गरम होत नसताना धापा टाकणे, वारंवार जागा बदलूनही आडवे न होणे, पाठ कमानदार करून उभे राहणे, स्पर्श टाळणे, एरवी प्रेमळ असणाऱ्या कुत्र्याने गुरगुरणे किंवा कोपऱ्यात जाऊन बसणे, ही वेदनेची भाषा आहे. दुखणे वाढल्यावर औषध देण्यापेक्षा ठरलेल्या वेळी ते देत राहिल्यास कमी औषधात काम भागते.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या, वजनदार कुत्र्याच्या मागच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्याने हाड कापून त्यावर प्लेट बसवली आहे. त्याला उठायला त्रास होतो. किती दिवस असे चालेल, आणि आम्ही काय करावे?

उत्तर : येथे हिशेब दिवसांचा नसून आठवड्यांचा आहे. कापलेले हाड जुळायला प्रौढ कुत्र्यात साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, आणि बहुतेक शल्यविशारद आठव्या आठवड्याच्या सुमारास क्ष-किरण छायाचित्र काढून मगच बंधने सैल करतात.

सर्वांत आधी घरातल्या जमिनीकडे पाहावे. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकले जाणे हा अशा कुत्र्याचा मोठा शत्रू आहे. अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत न सरकणाऱ्या चटया अंथराव्यात, वाढलेली नखे कापावीत आणि पंजाच्या गाद्यांमधले केस कमी करून घ्यावेत. उठवताना लांब टॉवेलची घडी पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घ्यावी आणि दोन्ही टोके वर धरून भार हलका करावा. कुत्र्याला उचलून लोंबकळत ठेवायचे नसून घसरल्यास सावरायचे असते. गादी जाड असावी. तो स्वतःहून कूस बदलत नसेल, तर दर चार तासांनी ती बदलावी, नाहीतर कोपर आणि कंबरेच्या हाडांवर व्रण पडतात.

पहिले दोन-तीन दिवस सुजेवर कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा धरल्यास आराम पडतो. चालण्याबाबत एक गोष्ट मालकांच्या सहसा लक्षात येत नाही : वेगाने चालताना कुत्रे दुखरा पाय उचलून तीन पायांवर सहज निभावून नेते, तर अगदी सावकाश चालताना त्याला तो टेकवावाच लागतो. म्हणून फेरी लहान असावी आणि तिची गती कंटाळवाणी वाटावी इतकी मंद असावी. पाय टेकवण्यात दर आठवड्याला सुधारणा दिसली पाहिजे. टेकवू लागलेला पाय अचानक पुन्हा उचलून धरला, तर प्लेट, स्क्रू किंवा सांध्यातील कूर्चा यांत काही बिघडले असण्याची शक्यता असते, म्हणून त्याच दिवशी दाखवावे. सांध्याची हालचाल हाताने करून घेण्याचा व्यायाम उपयुक्त आहे. पण तो एकदा तज्ज्ञाकडून प्रत्यक्ष पाहून घेतल्याशिवाय करू नये.

आपल्या कुत्र्याचे वजन जास्त आहे असे आपणच लिहिले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. एका गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या बऱ्याच कुत्र्यांचा दुसरा गुडघाही पुढेमागे तसाच जातो, आणि वाढीव वजन हे त्यामागचे टाळता येण्याजोगे कारण आहे. आहार मोजून देण्याची सुरुवात याच सक्तीच्या विश्रांतीत करावी.

प्रश्न : पंजावर बांधलेली पट्टी कधी बदलावी?

उत्तर : पशुवैद्यांनी सांगितलेल्या दिवशी, परंतु ती ओली झाली, घसरली किंवा तिला वास येऊ लागला, तर त्याच दिवशी. बाहेर जाताना प्लास्टिकची पिशवी चढवावी आणि आत येताच काढावी, नाहीतर आत घाम साचतो. पट्टीतून बाहेर दिसणाऱ्या मधल्या दोन बोटांची नखे रोज पाहावीत. ती एकमेकांपासून दूर सरकली असतील, तर बोटांना सूज आली आहे आणि पट्टी आवळली आहे, असे समजावे. बोटे गार लागणे ही त्याहून गंभीर खूण आहे.

प्रश्न : सातव्या दिवशी जखमेखाली लिंबाएवढी मऊ गाठ आली आहे. दुखत नाही. दाबून पाणी काढावे काय? जखम कशाने पुसावी?

उत्तर : दाबू नये आणि सुईने टोचून पाहण्याचा विचारही करू नये. वर्णनावरून हा त्वचेखालच्या पोकळीत साचलेला रक्तद्रव दिसतो. हालचाल जास्त झाली की तो साचतो, आणि विश्रांती मिळाल्यास बहुधा दोन-चार आठवड्यांत शरीर तो आपोआप शोषून घेते. सुई टोचल्यास निर्जंतुक द्रवात जंतू जाण्याची वाट मात्र उघडते. तथापि गाठ एकदा पशुवैद्यांना दाखवावी, विशेषतः शस्त्रक्रिया पोटाची असेल तर, कारण स्नायूंचे टाके सुटून आतले अवयव त्वचेखाली उतरले असले, तरीही बाहेरून असाच मऊ फुगवटा दिसतो.

जखम कशानेही पुसण्याची गरज नसते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात, आणि मलम लावले की कुत्र्याला चाटण्याचे आणखी एक निमित्त मिळते. आंघोळ टाके निघेपर्यंत घालू नये. सकाळ-संध्याकाळ चांगल्या उजेडात जखम पाहावी आणि रोज एकाच अंतरावरून मोबाइलवर तिचे छायाचित्र काढावे. हळूहळू वाढणारी लाली रोज पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, तर चार छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर ती लगेच दिसते. पहिल्या दोन-तीन दिवसांतली किंचित लाली आणि फुगीरपणा ओसरत जायला हवा. तिसऱ्या दिवसानंतर ती वाढू लागली, कडा उघडल्या, पिवळसर किंवा दुर्गंधीयुक्त स्राव आला, जखमेभोवतीची त्वचा गरम लागली, किंवा गुदद्वारातून घेतलेले तापमान नेहमीच्या ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत थांबू नये. आपल्या कुत्र्याच्या आतड्यावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर एक अधिक सूचना : आतड्याचे टाके गळू लागल्यास ते बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान लक्षात येते. तोपर्यंत सुधारत असलेले कुत्रे त्या दिवसांत अचानक मलूल होऊन उलट्या करू लागले, तर जखम बाहेरून कितीही स्वच्छ दिसत असली, तरी त्याला तातडीने न्यावे.